व्रताला पारणं असतं, मित्रांनो

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक १६ आणि १७



सहावा अध्याय म्हणजे ध्यानयोग. आसन कसं असावं, नजर कुठे ठेवावी, मन कसं आवरावं, हे सांगता सांगता भगवंत मधेच आपल्या ताटाकडे आणि अंथरुणाकडे वळतात. जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो खातच नाही त्यालाही नाही. जो सारखा झोपतो त्याला नाही, आणि जो सारखा जागतो त्यालाही नाही. पुढच्या श्लोकात सांगितलंय, की ज्याचं खाणं, हिंडणं-फिरणं, काम, झोप आणि जागणं हे सगळं बेतात आहे, त्याचाच योग दुःख घालवणारा होतो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरं सांगू का, मला हे फारच साधं वाटलं होतं. आजी सांगते तसं, वेळेवर जेव, वेळेवर झोप. एवढ्यासाठी कुरुक्षेत्रावर रथ थांबवायचा? आत्मा, ब्रह्म, कर्म असे मोठे विषय चालू असताना हे जेवणखाण कुठून आलं?

आता तसं वाटत नाही. का ते सांगतो. ही गोष्ट मी आजपर्यंत कधी लिहिली नव्हती.

विद्यापीठात शिकत होतो तेव्हा बेगमपुऱ्यात आम्ही तिघांनी मिळून एक रूम केली होती. एक जण शहरात रुळलेला, हातात पैसा असलेला. रात्री एक वाजता मोबाईलवरून बिर्याणी मागवायचा, अकराच्या लेक्चरला उठायचा. दुसरा हिंगोली जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरी तीन एकर कोरडवाहू, सोयाबीनवर सगळं घर. एमएस्सी करता करता स्पर्धा परीक्षेची तयारी चालू होती. आणि तिसरा मी. रोज सकाळी हरिपाठ म्हणणारा, गीतेचा अध्याय वाचणारा, आणि त्यामुळे स्वतःला दोघांपेक्षा जरा शहाणा समजणारा.

हिंगोलीचा मित्र मेसचा एकाच वेळचा डबा लावायचा. डब्यात चार पोळ्या. दोन दुपारी, दोन रात्री. सकाळी चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटपुडा. मग रात्री दोनपर्यंत अभ्यासिका. मधे दोन-तीन चहा, आणि परीक्षा जवळ आली की ते कॅफिनवालं थंड पेय. शिवाय महिन्याच्या दोन्ही एकादश्या. मी विचारायचो, "जेवलास का?" तो म्हणायचा, "जेवलो ना. आता अभ्यास करू लागलो, नंतर बोलू."

मला त्याचं फार कौतुक होतं. मी त्याला 'महाराज' म्हणायचो. एकदा तर पाठमोरा, पुस्तकात डोकं घातलेला त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला आणि खाली लिहिलं, आमच्या रूमवर एक तपस्वी राहतो. खूप जणांनी हात जोडलेले इमोजी पाठवले.

नोव्हेंबरात एका रात्री तो अभ्यासिकेच्या जिन्यात चक्कर येऊन पडला. कपाळाला तीन टाके. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. पुरुषाचं साधारण तेराच्या वर असावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा जेवतोस?" तो म्हणाला, "दोनदा." मी शेजारीच उभा होतो. हे एकच जेवण आहे, दोनदा खाल्लेलं, हे मला माहीत होतं. मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्याची आई आली. फडक्यात बांधलेल्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि तुपाची छोटी बाटली. त्याच्याकडे बघून झालं, मग माझ्याकडे वळल्या. रागावल्या नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "तू तर याच्यासंगंच राहतूस ना बाबा? मग तुला दिसलं नाही का?"

या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला दिसलं होतं. पण जे दिसलं त्याला मी 'तप' असं नाव देऊन टाकलं होतं. भुकेला तप म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही, नुसते हात जोडले की भागतं.

म्हणून आजचा प्रश्न असा, की शरीराकडे दुर्लक्ष करणं ही साधना आहे का? मोठ्या ध्येयासाठी शरीर झिजवलं तर त्यात पुण्य आहे का? मग ते ध्येय एमपीएससीचं असो, नीटचं असो नाहीतर देवाचं.

आपल्या वयात दोन प्रकारची वाक्यं सारखी कानावर येतात. एक, "माझं शरीर आहे, मी बघेन." दुसरं, जरा अध्यात्मिक वळणाचं, "शरीर काय, नाशवंत आहे. आत्मा महत्त्वाचा." दोन्ही एकमेकांच्या अगदी उलट वाटतात, पण गंमत बघा, दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी होतो. एक जण शरीर आपल्या मालकीचं समजून उधळतो, दुसरा कवडीमोल समजून टाकून देतो. रात्रीचे दोन दोघांच्याही घड्याळात वाजतात.

याचं एक उत्तर आपल्या शहराच्या नावागावातच आहे. नागसेनवनातून किती वेळा गेला असाल तुम्ही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे इथे कॉलेज सुरू केलं, तेच आजचं मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातल्या ज्या मुलांना शिक्षणाचं दार कधी उघडलंच नव्हतं, त्यांच्यासाठी. मिलिंद आणि नागसेन ही नावं बाबासाहेबांनी 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथातून घेतली. त्यात मिलिंद हा ग्रीक राजा भिक्खू नागसेनांना प्रश्नावर प्रश्न विचारतो. एकदा तो साधारण असं विचारतो, की तुम्ही संन्यासी लोक, तुम्हाला शरीर प्रिय आहे का? नाही ना? मग त्याला एवढं जपता कशाला?

नागसेन उलट विचारतात, महाराज, युद्धात कधी बाण लागला होता का तुम्हाला? जखमेला मलम लावलं, पट्टी बांधली? मग ती जखम तुम्हाला प्रिय होती का? राजा म्हणतो, छे, ती भरून यावी म्हणून केलं ते सगळं. नागसेन म्हणतात, आम्हीही शरीर असंच जपतो. त्यात गुंतत नाही, पण काळजी घेतो.

किती सरळ उत्तर आहे बघा. शरीरावर आसक्ती नको, हे खरं. पण आसक्ती नको म्हणजे काळजी नको असं नाही. जखमेवर कुणाचं प्रेम नसतं, म्हणून कुणी ती उघडी टाकत नाही. विरक्त माणूससुद्धा पट्टी बांधतो.

आता आपल्या नाथांकडे येऊ. शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर पैठण. गाढवाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. गंगेची कावड खांद्यावर घेऊन नाथ रामेश्वराला निघालेले. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव पाण्यावाचून तडफडतंय. बरोबरचे लोक बघून पुढे जातात, कारण पाणी तर देवाचं. नाथ थांबतात आणि कावडीतलं पाणी गाढवाच्या तोंडात ओततात. त्यांना रामेश्वर तिथेच भेटला.

ही गोष्ट आपण भूतदयेची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसल्यावर मला ती वेगळी दिसली. आपण प्रत्येक जण खांद्यावर एक कावड घेऊन निघालेलो आहोत. आईवडिलांनी विकलेल्या सोयाबीनचं पाणी आहे तिच्यात, काढलेल्या कर्जाचं आहे, त्यांच्या स्वप्नाचं आहे. ते कुठल्या तरी रामेश्वरी पोचवायचं आहे. सिलेक्शन, नोकरी, डिग्री, ज्याचा त्याचा रामेश्वर. आणि वाटेत हे शरीर पडलंय. ते ओरडत नाही, फक्त तडफडतं. डोकं दुखतं, पित्त होतं, केस गळतात, पाळी चुकते, छातीत धडधडतं. आपण म्हणतो, थांब जरा, हे पाणी देवाचं आहे, परीक्षा झाली की बघू.

माझ्या रूममध्ये तर दोन गाढवं होती. एक त्याचं शरीर. आणि त्याच्या शेजारून कावड घेऊन, हरिपाठ म्हणत, रोज पुढे जाणारा मी. या दुसऱ्या गाढवाबद्दल जास्त लिहायला नको.

इथे एक शंका येते, आणि ती खरी आहे. कुणी म्हणेल, नाथ स्वतः रात्रभर जागले होते की! बरोबर. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले. पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. मग आम्ही एक रात्र जागलो तर काय बिघडलं?

एक रात्र जागलात तर काही बिघडत नाही. नाथांची ती एक रात्र होती, आणि तिला पहाट होती. शिवाय गुरूंनी तेव्हा काय केलं ते आठवा. जागरणाबद्दल शाबासकी देऊन ते थांबले नाहीत. एका पैच्या चुकीचा एवढा ध्यास, तर जन्माचा हिशेब चुकलाय त्याचं काय, अशा अर्थाचं काहीतरी म्हणून त्यांनी शिष्याची नजर वर उचलली. म्हणजे जागं राहणं ही काही मोठी गोष्ट नव्हे, कशासाठी जागतोय हे कळणं मोठं. आपल्या दोनशे रात्रींमधल्या किती पैच्या शोधात जातात आणि किती नुसत्या रील्स खाली सरकवण्यात, हे ज्याचं त्याला माहीत.

उपवासाचंही तेच. एकादशीला द्वादशी असते. पारणं केल्याशिवाय व्रत पूर्ण होत नाही. वारीत दिंडी कितीही चालली तरी रोजचा मुक्काम ठरलेला असतो, जेवणाची पंगत ठरलेली असते. आपल्या परंपरेने कष्ट सांगितले, पण त्या प्रत्येक कष्टाला काठ बांधून दिला. माझ्या मित्राच्या उपासाला काठ नव्हता. त्याची द्वादशी कधी यायचीच नाही. ज्याला पारणं नाही ते व्रत नसतं, ती नुसती उपासमार असते.

गीता तर याहून कडक बोलते. सतराव्या अध्यायात, पाचव्या-सहाव्या श्लोकात, भगवंत म्हणतात की जे लोक दंभाने आणि हट्टाने शास्त्रात नसलेलं घोर तप करतात, ते शरीरातल्या भूतांना तर पीडा देतातच, पण आत बसलेल्या मलाही देतात. अशांची वृत्ती आसुरी समजावी. केवढा मोठा शब्द वापरलाय. अंगाला त्रास दिला म्हणजे देव खूश, ही समजूत गीतेने इथे मोडीतच काढली आहे. माझा मित्र दंभ करत नव्हता, त्याच्याकडे पैसे नव्हते. दंभ माझ्या स्टेटसमध्ये होता.

आता थोडं व्यवहाराचं बोलू. श्लोक समजला, पण शरीर आतून कसं चालतं हे कळलं नाही तर 'बेतात' म्हणजे किती, हे कसं ठरवणार?

झोप. अठरा ते पंचवीस वयात साधारण सात ते नऊ तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसण्याचं मोठं काम झोपेतच होतं. म्हणजे जागून वाचणारा एका हाताने पेरतो आणि दुसऱ्या हाताने उपटतो. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. रात्री दहाला घेतलेल्या कपातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनला अंगात असतं. मग अंथरुणावर पडून झोप येत नाही, हातात मोबाईल येतो, आणि त्याचा उजेड उरलीसुरली झोप घालवतो.

रक्त. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे तुमच्या वर्गातल्या दोन मुली घ्या, त्यातली एक तरी असण्याची शक्यता. 'थकवा येतो, लक्ष लागत नाही' याला आपण आळस म्हणतो. कित्येकदा तो आळस नसतो, लोह कमी असतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. वरणावर लिंबू पिळलं तर चांगलं शोषलं जातं. लिंबू पिळायला काही मोठी तपश्चर्या लागत नाही.

साखर. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या मोठ्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. माझा बिर्याणीवाला मित्र हसायचा, म्हणायचा, हे चाळिशीनंतरचं. पण हा आजार चाळिशीत दिसला तरी त्याची सवय विशीत लागलेली असते. अठराव्या अध्यायात भगवंत सुखाचे प्रकार सांगतात. एक सुख आधी अमृतासारखं लागतं आणि शेवटी विष होतं. मध्यरात्रीच्या पार्सलला याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही.

चालणं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे दिवसाला वीस-बावीस मिनिटं. गोगाबाबा टेकडीवर सकाळी जाऊन बघा, सत्तरीचे आजोबा भराभर चढत असतात आणि विशीतले आपण खाली रूमवर झोपलेले असतो.

हे सगळं लिहिताना मनात भीती वाटते, की मी पुन्हा तेच करतोय का? उपदेश. कारण सगळं प्रत्येकाच्या हातात नसतं, मित्रांनो. ज्याच्याकडे एकाच डब्याचे पैसे आहेत त्याला 'संतुलित आहार घे' म्हणणं हा क्रूरपणा आहे. जो 'कमवा व शिका'त काम करून मग लेक्चरला बसतो आणि रात्री अभ्यासाला, त्याला 'आठ तास झोप' कसं सांगणार? आपलं शहर काही दिवसांआड पाणी येणारं. पाणी रात्री आलं तर भरायला उठणारा तोच, आणि सकाळी झोपाळू म्हणून बोलणी खाणाराही तोच. मुलींना सकाळी फिरायला जा म्हणणं सोपं आहे. अंधारात रस्त्याने एकटीने जायचं की नाही, हा हिशेब त्यांनाच करावा लागतो.

मग गीतेचा हा श्लोक फक्त खात्यापित्या घरच्यांसाठी आहे का?

बरेच दिवस मी इथे अडलो होतो. मग एक दिवस शब्दाकडेच नीट पाहिलं. सतराव्या श्लोकात 'युक्त' हा शब्द तीन वेळा येतो. आपण त्याचा अर्थ घेतो बेताचा, योग्य, मोजका. तो अर्थ बरोबरच आहे. पण हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा मूळ अर्थ आहे जोडणं. योग शब्दही त्यातूनच आलेला. युक्त म्हणजे जोडलेला. ही व्याकरणाची चर्चा विद्वानांनी करावी, पण मला त्यातून एक वाट दिसली. ज्याचं खाणं कुणाशी जोडलेलं आहे, ज्याची झोप-जाग कुणाला ठाऊक आहे, त्याचंच बेतात राहतं. एकट्याचं बिघडतं. आमच्या रूममध्ये एक जण एकटा अति खात होता, एक जण एकटा उपाशी होता, आणि एक जण एकटाच देवाचं नाव घेत होता. श्लोकातले सगळे दोष एका छपराखाली, कारण तिघांची ताटं वेगवेगळी.

गोपाळकाला आठवा. प्रत्येक गोपाळाची शिदोरी वेगळी. कुणाकडे दही, कुणाकडे लोणचं, कुणाकडे नुसती शिळी भाकरी. कृष्णाने कुणाला विचारलं नाही की तू काय आणलंस. सगळं एकत्र कालवलं. काल्यात कुणाचं किती हे दिसत नाही, म्हणून कुणाला लाज वाटत नाही, आणि उपाशी मात्र कुणी राहत नाही. दया दाखवून दिलेली पोळी माझ्या मित्राने कधीच घेतली नसती. पण काला घेतला असता. तो मांडायचं काम माझं होतं.

आई परत गेल्यावर आम्ही तेच केलं. फार काही मोठं नाही. तिघांनी पैसे एकत्र टाकले, ज्याला जमेल तेवढे, आणि कुणी किती टाकले हे लिहायचं नाही असं ठरलं. दोन वेळचे डबे सुरू झाले. रात्री साडेआठला तिघांनी एकत्र बसून खायचं, मोबाईल उलटे ठेवून. सकाळी फुटाणे, शेंगदाणे, कधी मोड आलेली मटकी. स्वस्त आणि पोटभर. बाराला दिवा बंद. पहिले काही दिवस भांडणं झाली. बिर्याणीवाल्याला मेसची भाजी आवडेना. अभ्यासवाला म्हणे माझे दोन तास गेले. पण दोन महिन्यांनी अभ्यासवालाच म्हणाला, "आता एक पान दोनदा वाचावं लागत नाही."

अजून एक गोष्ट, आणि ती महत्त्वाची. शरीर म्हणजे फक्त पोट आणि पाय नव्हे. मनही थकतं, मनही आजारी पडतं. सतत उदास वाटणं, कशातच रस न राहणं, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं वाटणं, याला 'तुझी भक्ती कमी पडते' हे उत्तर नाही. असं उत्तर देणारा कितीही गोड बोलत असला तरी तो गाढवाला ओलांडून पुढे निघालेला यात्रेकरू आहे. टेलिमानस नावाची सरकारी हेल्पलाईन आहे, नंबर १४४१६. फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. स्वतःसाठी लावा, मित्रासाठी लावा. ताप आला तर डॉक्टरकडे जाताना आपण देवावर अविश्वास दाखवत नाही, मग इथे का संकोच?

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंची गोष्ट आहे. याच स्कंधावर नाथांनी आपलं भागवत लिहिलं. दिव्यावर झेप घेणारा पतंग, गळाला लागणारा मासा, सगळे त्याचे गुरू. स्क्रीनच्या उजेडाकडे ओढले जाणारे आपण आणि तो पतंग, फार फरक नाही. पण सगळे गुरू मोजून झाल्यावर अवधूत शेवटी आपल्या शरीरालाही गुरू म्हणतो. विवेक आणि वैराग्य या शरीराने शिकवलं, म्हणतो. गुरू म्हटलं की त्याचं ऐकावं लागतं. चक्कर येणं, डोळ्यांची आग, छातीतली धडधड, हे या गुरूचं बोलणं आहे. तो एकदा हळू सांगतो. ऐकलं नाही तर जिन्यात पाडून सांगतो.

आजच्यासाठी तीन छोट्या गोष्टी, जमल्या तर बघा.

एक. आज एक जेवण कुणाबरोबर तरी, मोबाईल बाजूला ठेवून. जेवणाआधी श्लोक म्हणत असाल तर तो सावकाश, अर्थ मनात आणून म्हणा.

दोन. आज रात्री झोपायची वेळ ठरवा आणि ती रूममधल्या एकाला सांगा. सांगितलेलं पाळलं जातं. झोपताना नामस्मरण करा, आणि अलार्म लावून मोबाईल हात पोचणार नाही इतका लांब ठेवा.

तीन. आज कुणाला तरी "जेवलास का?" विचारा, आणि "हो" म्हटल्यावर तिथेच थांबू नका. "काय जेवलास?" हेही विचारा. माझा सगळा घोळ त्या दुसऱ्या प्रश्नापाशी झाला होता.

त्या मित्राची परीक्षा पुढे निघाली का, असं तुमच्या मनात येत असेल. त्या वर्षी नाही निघाली. पुढच्या वर्षीही नाही. आता तो हिंगोलीकडेच एका शाळेत शिकवतो आणि बरा आहे. कपाळावरची खूण अजून दिसते. नीट जेवलं-झोपलं की यश मिळतंच, असं मी तुम्हाला सांगणार नाही, आणि गीताही ते सांगत नाही. श्लोकात शब्द आहे दुःख घालवणारा योग. यशाचं नाव तिथे नाही.

मागच्या वर्षी नाथषष्ठीला पैठणला गेलो होतो. तो आईला घेऊन आला होता. गोदावरीच्या काठावर, गर्दीतून जरा बाजूला, त्यांनी भाकरी सोडल्या. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तेव्हा विचारलं होतं, मला दिसलं नाही का. दिसलं होतं मावशी. मी बोललो नाही.

त्यांनी एक भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा आधी."

उद्या अठरावा श्लोक. भेटू.

राम कृष्ण हरी.